नायनर्सचा आजवरचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण? माँटाना, यंग, की आणखी कोणी?

सनीवेलकर

परवा रविवारी आमच्याकडे आठ-दहा जण जेवायला होते. श्रीखंड वाढेपर्यंत सगळं ठीक होतं, मग कोणीतरी हा प्रश्न काढला. दीड तास झाला तरी निकाल लागेना, म्हणून धागा काढतोय. बे एरियातल्या जुन्याजाणत्यांनी जरूर लिहावं.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: नायनर्स म्हणजे फोर्टी-नायनर्स (४९), सॅन फ्रान्सिस्कोचा अमेरिकन फुटबॉल संघ. क्वार्टरबॅक म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू आधी त्याच्या हातात येतो. कोणाला फेकायचा, कोणाच्या हातात द्यायचा की घेऊन स्वतःच पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. आणि त्याच वेळी समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याच्या अंगावर येत असतात.

आता माझी बाजू. १९९९ च्या सप्टेंबरात मी इथे आलो. महिनाही झाला नव्हता. एका सोमवारी रात्री अपार्टमेंटमधल्या मुलांनी टीव्हीवर अ‍ॅरिझोनाविरुद्धचा सामना लावला होता. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आठ नंबरचा डावखुरा गडी चेंडू फेकायला मागे सरकला, बाजूनं एक जण सुसाट आला आणि त्याच्यावर आदळला. आठ नंबर पडला तो हललाच नाही. आमच्या खोलीतलं बोलणं थांबलं. तो स्टीव्ह यंग होता आणि तो त्याचा शेवटचा सामना ठरला, हे पुढच्या उन्हाळ्यात त्यानं निवृत्ती जाहीर केली तेव्हा समजलं.

त्या रात्रीपासून मी यंगवाला. चांगली वीस वर्षं. मग २०२० मध्ये घरात बसून होतो तेव्हा जुने सामने पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायला घेतले, नुसती क्षणचित्रं नाहीत. आणि माझं मत फिरलं. आज मी जो माँटाना म्हणतो.

१९७९ साली बिल वॉल्श मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) माँटाना ८२ वा निवडला गेला. त्याच्याआधी ८१ पोरांची नावं पुकारून झाली होती. त्या मोसमात संघ १६ पैकी २ सामने जिंकला. १९८१ च्या मोसमात तोच संघ सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना, जिंकून आला. माँटानानं एकूण चार सुपर बोल खेळले आणि चारही जिंकले. त्या चार सामन्यांत मिळून १२२ पास, ११ टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं) आणि इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यानं पकडलेला पास) एकही नाही.

पण माझं मत आकड्यांनी फिरलं नाही. ते फिरलं २२ जानेवारी १९८९ चा मायामीतला सामना बघून. सिनसिनाटी १६-१३ नं पुढे, तीन मिनिटं आणि वर थोडे सेकंद शिल्लक, चेंडू आपल्याच ८ यार्डांच्या रेषेवर. म्हणजे ९२ यार्ड कापायचे. तेवढ्यात माँटानानं एका सहकाऱ्याला प्रेक्षकांत बसलेला नट जॉन कँडी दाखवला, हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र त्याचे पाय बघत होतो. तीन पावलं मागे, चेंडू गेला. पाच पावलं मागे, चेंडू गेला. मधे दंड बसून संघ मागे ढकलला गेला तर पुढच्याच चालीत जेरी राइसला २७ यार्डांचा पास. ३४ सेकंद उरले असताना जॉन टेलरला टचडाउन. टेलरनं त्या अख्ख्या सामन्यात झेललेला तो एकमेव पास. मी ती तीन मिनिटं सात-आठ वेळा मागे घेऊन पाहिली असतील. पावलं कुठेच चुकलेली नाहीत.

आता तुम्ही बोला.

डावखुरा

सनीवेलकर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण पक्ष बदललात हे काही पटलं नाही.

ज्या सुपर बोलनं तुमचं मत फिरवलं, त्या सामन्यापर्यंत संघ पोचला कसा ते बघा. १९८८ च्या मोसमात नायनर्स, रॅम्स आणि सेंट्स तिघेही १० विजय, ६ पराभव अशा बरोबरीत होते. नियमांच्या बारकाव्यानं गटातलं पहिलं स्थान आपल्याला मिळालं. एक सामना जरी कमी जिंकला असता तरी प्लेऑफ (बाद फेरी) नाही, मायामी नाही, ते ९२ यार्डही नाहीत. त्या दहातला एक विजय ३० ऑक्टोबरचा, मिनेसोटाविरुद्ध, आपल्या घरच्या मैदानावर, कँडलस्टिकवर. माँटाना दुखापतीमुळे बाहेर होता. खेळत होता यंग.

१७-२१ असे मागे, शेवटची दोनेक मिनिटं. यंग पास फेकायला मागे सरकतो, समोरची भिंत कोसळते. तो डावीकडे निसटतो, एकाचे हात झटकतो, वळतो, मधे शिरतो, पुन्हा बाहेर येतो. मी सांगलीत कबड्डी खेळलोय. चढाईला गेलेला गडी चौघांच्या तावडीतून सुटून मध्यरेषेकडे झेपावतो तेव्हा त्याचं अंग पुढे आणि पाय मागे असतात. शेवटच्या पाच यार्डांत यंग अगदी तसा दिसतो. तोल गेलाय, पाय अडखळताहेत, चेंडू पोटाशी घट्ट, आणि तो टचडाउनच्या पट्ट्यात आडवा होतो. ४९ यार्डांची धाव, २४-२१ नं विजय.

तुमची ती तीन मिनिटं या धावेवर उभी आहेत. माझ्यासाठी हा प्रश्न इथेच सुटतो, तरी पुढे लिहितो.

इथे येण्याआधी टॅम्पाच्या संघात यंग क्वार्टरबॅक असताना तो संघ ३ सामने जिंकला आणि १६ हरला. १९८७ मध्ये तो इथे आला तो जगातल्या सर्वोत्तम क्वार्टरबॅकच्या मागे बाकावर बसायला. चार वर्षं बसला. पुढे संधी मिळाली तर प्रत्येक चुकलेल्या पासवर लोक माँटानाचं नाव घ्यायचे. त्या ओझ्याखाली त्यानं १९९२ आणि १९९४ ला सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. आणि २९ जानेवारी १९९५ ला सॅन डिएगोविरुद्ध सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास फेकले, तो विक्रम झाला. त्या सामन्यात सर्वाधिक यार्ड धावणाराही तोच होता, ४९ यार्ड. आकडा पुन्हा ४९. मला हे फार आवडतं.

मधली_रेघ

डावखुरा यांच्या १९८८ च्या मुद्द्याला +१. या बाजूनं कधी विचारच केला नव्हता.

आकडेमोड

थोडं आकड्यांचं बोलू.

पासर रेटिंग चार गोष्टींवरून निघतं: किती टक्के पास पोचले, दर पासमागे किती यार्ड, टचडाउनचं प्रमाण, इंटरसेप्शनचं प्रमाण. कमाल १५८.३. माँटानाचं १९८९ चं रेटिंग ११२.४, तेव्हाचा विक्रम. तो १९९४ मध्ये यंगनं मोडला, ११२.८. पूर्ण कारकीर्द धरली तर माँटाना ९२.३, यंग ९६.८. यंग सहा मोसमांत अख्ख्या लीगमध्ये पहिला होता. आणि क्वार्टरबॅकनं स्वतः धावून मिळवलेलं काहीच या रेटिंगमध्ये धरत नाहीत. यंगचे ४३ टचडाउन धावून आहेत, ते बाहेरच राहतात.

माँटानाच्या सुपर बोलमधल्या शून्य इंटरसेप्शनचा मी मान राखतो. पण त्याच मायामीच्या सामन्यात, चौथ्या सत्रात, सिनसिनाटी १३-६ नं पुढे असताना त्याचा एक पास टचडाउनच्या पट्ट्यात लुईस बिलप्सच्या हातात बसला होता. बिलप्सनं तो सोडला. पुढच्याच पासवर राइसनं टचडाउन करून बरोबरी साधली. तो झेल धरला गेला असता तर आपण आज कोणत्या कथा सांगत असतो?

१० जानेवारी १९८२ चा डॅलसविरुद्धचा सामना, ज्याला सगळे नुसतं 'द कॅच' म्हणून ओळखतात, त्यातही माँटानाचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले होते. ड्वाइट क्लार्कनं तो झेल घेतल्यावर ५१ सेकंद शिल्लक होते आणि डॅलसचा ड्रू पिअरसन जवळजवळ निसटलाच होता. एरिक राइटनं त्याला मागून जर्सीला धरून खाली ओढलं म्हणून २८-२७. बचावफळीचं नाव कोणी घेत नाही, ते घ्यायला हवं.

एकेका चालीचा हिशेब केला तर यंग सरस. माझं मत यंगला.

चकली

मला नियम अजून नीट कळत नाहीत, पण वाचताना मजा येतेय. माझा ११ वर्षांचा मुलगा शाळेत फ्लॅग फुटबॉल खेळतो, त्याच्या मते ब्रॉक पर्डीच. तो इतका ठामपणे सांगतो की मला उत्तर सुचत नाही. काय सांगू?

सनीवेलकर

चकलीताई, त्याला सांगा की त्याची आवड चांगली आहे. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पर्डी २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला, आणि २०२३ मध्ये ४,२८० यार्ड फेकून त्यानं संघाचा एका मोसमाचा विक्रम केला. त्या मोसमाचा सुपर बोल जादा वेळेत २५-२२ नं हातचा गेला. त्याची कारकीर्द अजून चालू आहे. या यादीत नाव चढायला आधी ट्रॉफी लागते, निदान या शहरात तरी.

आता डावखुरा आणि आकडेमोड यांना उत्तर.

१९८८ ची धाव मान्य. मी ती नाकारत नाही, उलट इतकी वर्षं मी स्वतःच ती लोकांना दाखवत आलोय. पण एक गोष्ट दोघांनीही सोडली. जेरी राइस १९८५ च्या ड्राफ्टमधून आला. माँटानाच्या पहिल्या दोन सुपर बोलमध्ये राइस नव्हताच. १९८२ ला क्लार्क आणि फ्रेडी सॉलोमन होते, १९८५ च्या जानेवारीत स्टॅनफर्डच्या मैदानावर डॅन मरिनोच्या मायामीला ३८-१६ नं हरवलं तेव्हाही तेच दोघे. यंगला या संघात राइस पहिल्या दिवसापासून होता. माझ्या मते इतका मोठा रिसीव्हर (पास झेलणारा) या खेळात झाला नाही. १९९४ ला तर डीऑन सँडर्ससारखे बचावपटूही बाहेरून आणले होते.

वॉल्शची पद्धतही बघा. ती त्यानं आधी सिनसिनाटीत घडवली होती, कारण तिथल्या क्वार्टरबॅकच्या हातात लांब फेकायची ताकद नव्हती. छोटे, वेळेवर बसवलेले पास. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सुटलेला असतो, तो वळतो तेव्हा चेंडू छातीशी आलेला. माँटानाचा हातही तोफेसारखा नव्हता, पण चेंडू पळणाऱ्याच्या दोन पावलं पुढे, तेही नेमका त्याच्या पुढच्या हातात. त्यामुळे झेल घेऊन थांबावं लागायचं नाही, धाव चालूच राहायची. राइसचे कितीतरी लांबलचक टचडाउन म्हणजे १० यार्डांचा पास आणि पुढे ५० यार्डांची धाव. त्या धावेचं श्रेय आपण राइसला देतो ते बरोबरच आहे, पण चेंडू कुठे ठेवायचा हे पास फेकणारा ठरवतो.

डावखुरा

राइसचा मुद्दा खरा आहे. त्यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

पण यंगसमोर कोण होतं तेही पाहा. १९९२ आणि १९९३ या दोन्ही मोसमांत सुपर बोलच्या एक पाऊल आधी डॅलसनं अडवलं, ३०-२० आणि ३८-२१. ऐकमन, एमिट स्मिथ, आयर्विन एकाच संघात. १९९४ च्या सप्टेंबरात माँटाना कॅन्सस सिटीच्या जर्सीत होता आणि त्यानं यंगला २४-१७ नं हरवलं. महिनाभरात फिलाडेल्फियानं घरच्या मैदानावर ४०-८ नं धुतलं. प्रशिक्षक जॉर्ज सीफर्टनं यंगला मधेच बाहेर काढलं आणि यंग रेषेवरच त्यांच्यावर ओरडला. ते दृश्य बघा. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं सगळं चेहऱ्यावर आलंय. त्यानंतर संघ सलग दहा सामने जिंकला, जानेवारीत डॅलसला ३८-२८ नं हरवलं आणि मग ते सहा टचडाउन.

माँटानानं शून्यातून उभं केलं, मान्य. पण परिपूर्णतेची अपेक्षा असताना परिपूर्ण खेळणं मला जास्त अवघड वाटतं.

जुना_डेलीसिटीकर

मी १९७० मध्ये आलो. तुम्ही सगळे माझ्या मुलांच्या वयाचे, म्हणून थोडं मागचं सांगतो.

तुमच्या वादात जॉन ब्रोडीचं नावच आलं नाही. १९५७ ते १९७३, सतरा मोसम, सगळे याच संघात. ३१,५४८ यार्ड. १९७० ला लीगचा सर्वोत्तम खेळाडू. त्याच्याआधी वाय. ए. टिटल. १९५७ च्या प्लेऑफमध्ये केझार स्टेडियमवर डेट्रॉइटविरुद्ध मध्यंतराला २४-७ नं पुढे असलेला टिटलचा संघ ३१-२७ नं हरला, ही गोष्ट माझ्या ऑफिसातले वयस्कर सहकारी काल घडल्यासारखी सांगायचे. मी गावसकरांना हेल्मेटशिवाय खेळताना पाहिलेला माणूस. त्या काळात क्वार्टरबॅकला काय मार बसायचा हे आजचे आकडे सांगत नाहीत. बचावपटूंवर आज आहेत ती बंधनं नव्हती आणि पास फेकणं सोपं करणारे मोठे बदल १९७८ पासून आले. म्हणून ब्रोडीला आजच्या रेटिंगनं मोजू नका.

ब्रोडीचा संघ सलग तीन वर्षं डॅलसकडून प्लेऑफमध्ये हरला. तिसरा पराभव डिसेंबर १९७२, कँडलस्टिकवर. त्या काळी घरच्या मैदानावरचा सामना त्याच शहरात टीव्हीवर दाखवत नसत. आम्ही चौघं मिशन स्ट्रीटजवळच्या एका खोलीत रेडिओभोवती बसलो होतो. चौथ्या सत्रात आपण २८-१३ नं पुढे. स्टोव्हवर चहा उकळत होता. मग डॅलसचा क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबाक आला आणि शेवटच्या दोन मिनिटांत दोन टचडाउन. २८-३०. चहा आटून पातेलं करपलं, तो वास मला अजून आठवतो.

म्हणून १० जानेवारी १९८२ चा सामना माझ्यासाठी तुमच्यापेक्षा वेगळा आहे. समोर पुन्हा डॅलस, मैदान तेच, २१-२७ नं मागे, चेंडू स्वतःच्या ११ यार्डांवर. ८३ यार्ड सरकले. तिसरा डाउन (प्रयत्न), अजून ३ यार्ड कापायचे, ५८ सेकंद शिल्लक. माँटाना उजवीकडे पळतोय, ज्याला पास द्यायचा तो सॉलोमन मोकळा नाही, मागे डॅलसचे तिघं, त्यातला एड जोन्स सहा फूट नऊ इंच. माँटाना रेषेबाहेर ढकलला जाणार असं वाटतं. तो फेकल्यासारखं करतो, जोन्स उडी मारतो, मग मागच्या पायावर भार देऊन तो चेंडू उंच सोडतो. मला वाटलं, गेला बाहेर. तेवढ्यात क्लार्कची बोटं दिसली. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, मी इतक्या जोरात ओरडलो की ती रडायला लागली.

आकडेमोड, तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्या दिवशी त्याचे तीन पास पकडले गेले होते आणि एरिक राइटनं सामना वाचवला. पण तीन चुका केलेल्या माणसानं तो चौथा पास फेकायची हिंमत केली, यालाच मी मोठेपण मानतो. माझं मत माँटानाला. ब्रोडी दुसरा, यंग तिसरा. यंगच्या आधी ब्रोडी का, असं डावखुरा विचारतील. सतरा वर्षं, एकच संघ, आणि हातात एकही अजिंक्यपद नाही. तरी दर सप्टेंबरात तो पुन्हा उभा राहिला.

आकडेमोड

काका, बंधनांचा आणि १९७८ चा मुद्दा मान्य. वेगवेगळ्या काळांतले क्वार्टरबॅक कच्च्या रेटिंगवर तोलता येत नाहीत, त्या त्या मोसमाच्या सरासरीशी ताडून बघायला हवेत. ब्रोडीचं १९७० चं वर्ष तसं पाहिलं तर फार वर जातं. मी यंगवर कायम आहे, पण ब्रोडीला माझ्या यादीत तिसरं स्थान देतो.

मधली_रेघ

कॅपर्निकचा एकही उल्लेख नाही? १२ जानेवारी २०१३, ग्रीन बेविरुद्ध, क्वार्टरबॅक असून एका सामन्यात १८१ यार्ड धावला. सर्वश्रेष्ठ नव्हे, पण त्या एका रात्री या संघाच्या कुठल्याही क्वार्टरबॅकपेक्षा कमी नव्हता.

सनीवेलकर

मधली_रेघ, बरोबर. नोंद हवीच होती.

काका, तुम्ही कँडलस्टिकवर प्रत्यक्ष गेला होतात का कधी? माझी फार इच्छा होती, पण मला नेहमी टीव्हीच वाट्याला आला. २०१५ मध्ये स्टेडियम पाडलं तेव्हा फार वाईट वाटलं.

जुना_डेलीसिटीकर

पुष्कळदा गेलो. पण एक सांगतो, कारण त्यात तुमचे दोघेही आहेत.

२८ डिसेंबर १९९२, सोमवारची रात्र, डेट्रॉइटविरुद्ध. मोसमाचा शेवटचा साखळी सामना. माँटाना १९९१ च्या जानेवारीत न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध जखमी झाला, त्यानंतर कोपराच्या दुखण्यामुळे जवळजवळ दोन वर्षं मैदानावर उतरलाच नव्हता. या काळात संघ यंगचा झाला होता आणि त्या मोसमातला तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू होता. तरी लोक आले होते ते माँटानाचा सोळा नंबर दिसेल या आशेनं.

कँडलस्टिकचा वारा ज्यांनी अनुभवला नाही त्यांना सांगून कळणार नाही. खाडीवरून यायचा आणि स्वेटर, त्यावर जाकीट, सगळं भेदून हाडापर्यंत जायचा. बायकोनं थर्मासमध्ये कॉफी दिली होती, ती पहिल्या सत्रातच संपली. पहिला अर्धा सामना यंग खेळला. माझ्या शेजारी एक बाई आठ नंबरची जर्सी घालून बसली होती. यंगचा पास पोचला की माझ्या पाठीवर थाप मारायची.

मध्यंतरानंतर माँटाना बाहेर आला. आधी कुजबुज झाली, मग आवाज वरच्या मजल्यावरून खाली आला, आणि लोक जे उभे राहिले ते बसलेच नाहीत. २१ पैकी १५ पास पोचले, दोन टचडाउन, आपण २४-६ नं जिंकलो. नायनर्सच्या जर्सीत तो त्याचा शेवटचा सामना होता. एप्रिलमध्ये तो कॅन्सस सिटीला गेला.

पहिल्या टचडाउनच्या वेळी मी शेजारी पाहिलं. आठ नंबरच्या जर्सीतली ती बाई बाकावर चढून उभी होती, दोन्ही हात वर, आणि "जो, जो" असं ओरडत होती. पुढच्या वर्षीही ती त्याच जागेवर बसलेली दिसली, आठ नंबरच्याच जर्सीत.